ठोका पडल्यानंतर

एडगर ॲलन पो यांची ‘द बेल्स’ ही कविता मनातल्या मनात वाचली तर हाती फारसे लागत नाही. डोळ्यांना दिसते ती नुसती पुनरुक्ती. ‘बेल्स’ हा एकच शब्द पहिल्या कडव्याच्या शेवटी सलग सात वेळा येतो, पुढच्या तिन्ही कडव्यांतही तसाच ओळीने येतो, आणि कागदावर तो प्रत्येक वेळी तोच असतो. पण कविता मोठ्याने म्हणू लागले की पहिल्या कडव्यातला ‘बेल्स’ आणि चौथ्यातला ‘बेल्स’ एका आवाजात म्हणताच येत नाही. आधीच्या ओळींनी जिभेला, जबड्याला आणि नाकाला जे वळण लावलेले असते, त्याचा रंग त्या शब्दावर चढतो. इंग्रजीत धातूच्या आवाजांसाठी जे शब्द आहेत त्यांतले बरेचसे पो यांनी या एका कवितेत कामाला लावले आहेत. कोणता कुठे ठेवायचा याचा त्यांचा कान इतका पक्का आहे की या शब्दांमधले बारीक फरक कोश चाळून जेवढे कळतात त्याहून अधिक इथे कळतात.

पो यांच्या हयातीत ही कविता छापली गेली नाही. ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोरमध्ये त्यांचे निधन झाले, आणि मग ‘सार्टेन्स युनियन मॅगझिन’ या फिलाडेल्फियाच्या मासिकाच्या नोव्हेंबरच्या अंकात ती आली. पहिला खर्डा अगदी छोटा होता. लग्नाच्या चिमुकल्या चांदीच्या घंटा आणि त्यांच्यासमोर लोखंडाच्या जड घंटा, एवढेच त्यात होते. छापील कवितेत चार कडवी आहेत आणि प्रत्येक कडवे आधीच्यापेक्षा लांब आहे. पहिल्यात बर्फावरून धावणाऱ्या स्लेजचे चांदीचे घुंगूर, दुसऱ्यात लग्नाच्या सोन्याच्या घंटा, तिसऱ्यात आगीची वर्दी देणाऱ्या पितळी घंटा, चौथ्यात मृत्यूच्या लोखंडी घंटा. खर्ड्यात लग्न चांदीकडे होते. ते सोन्याकडे गेले, तेव्हा चांदी कोवळ्या वयातल्या मौजेसाठी मोकळी झाली. हा बदल फार मोलाचा ठरला, कारण पो यांना जो सर्वांत पातळ, सर्वांत उंच आवाज हवा होता, त्याला लग्नाचे वजन पेलले नसते.

घंटा ओतणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हे धातू खरे नाहीत. चर्चची घंटा ओततात ती तांबे आणि कथिल यांच्या मिश्रधातूची, साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथिल. आपले कासे जवळपास याच प्रमाणाचे असते. सोने मऊ, त्यात नाद टिकत नाही. घंटेच्या रसात चांदी टाकली की आवाज गोड होतो अशी युरोपात जुनी समजूत आहे, पण ओतकाम करणारे ती मानत नाहीत. स्लेजचे घुंगूरही बहुधा पितळेचे असत. म्हणजे हे चार धातू ओतशाळेतून आलेले नाहीत. ऑव्हिड या रोमन कवीने वर्णन केलेल्या सोने, चांदी, कांस्य, लोखंड या चार युगांची सावली त्यांच्यावर पडली असावी असे मला वाटते, फक्त पहिल्या दोघांची अदलाबदल झालेली. आणि प्रत्येक धातूला पो यांनी जो आवाज दिला आहे तो मुळात शब्दांचा आवाज आहे. म्हणून कवितेत शिरण्याआधी ते शब्द हातात घेऊन वाजवून पाहायला हवेत.

क्लिंक, क्लँक, क्लँग. तिन्हींची सुरुवात एकच. ‘क’ हा आघात आणि ‘ल’ म्हणजे त्या आघाताबरोबर धातूवरून घसरलेला आवाज. मग स्वर येतो. ‘इ’ म्हणताना तोंड आक्रसते, म्हणून वस्तू लहान आणि आवाज उंच. नाण्यावर नाणे पडले, पेल्याला पेला भिडला, की क्लिंक. ‘ॲ’ला जबडा उघडावा लागतो, म्हणून वस्तू मोठी आणि आवाज भरदार. इथवर कोणाच्याही लक्षात येते. खरी खुबी शब्दाच्या टोकाला आहे. ‘क्लँग’च्या शेवटी आपण ग लिहितो, पण इंग्रजी उच्चारात तिथे ग नसतोच. असतो तो आपल्या वर्णमालेतला ङ, जो ‘वाङ्मय’सारख्या मोजक्या शब्दांखेरीज आपल्याला भेटत नाही. ङ म्हणताना जिभेची मागची बाजू वर टेकते, तोंडाची वाट बंद होते, नाकाची उघडी राहते, आणि श्वास पुरेल तोवर तो नाद लांबवता येतो. ‘क्लँक’मध्येही हाच ङ आहे, पण पाठोपाठ येणारा क् त्याला तिथल्या तिथे तोडतो. क्लँग हा मोकळ्या टांगलेल्या धातूचा आवाज. क्लँक हा अशा धातूचा, ज्याला वाजता वाजताच काहीतरी अडवते. ठोका दोन्हीकडे सारखाच पडतो, आणि शब्द वेगळे होतात ते ठोका पडल्यानंतर काय घडले यावरून.

घरात काशाची वाटी असेल तर हे लगेच पडताळता येते. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून चमच्याने हलकेच वाजवा, मग तीच वाटी मुठीत गच्च धरून त्याच चमच्याने तेवढ्याच जोराने वाजवा. धातू तोच, चमचा तोच, हातही तोच. पहिल्या आवाजाच्या शेवटी ङ आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी क्. काशासारख्या धातूत कंपने आतल्या आत फारशी विरत नाहीत, म्हणून तो एकदा हलला की बराच वेळ हलत राहतो. त्याला थांबवायला बाहेरून कोणीतरी लागते. इंग्रजीच्या या शब्दकुळाने ते ‘कोणीतरी’ एका व्यंजनात बसवले आहे.

क्लिंकचा भाऊबंद डच भाषेतही आहे, तिथे ‘क्लिंकेन’ म्हणजे नाद करणे. भट्टीत इतकी कडक भाजलेली वीट की ठोकली तर वाजते, तिला तिकडे ‘क्लिंकर’ म्हणतात, आणि सिमेंटच्या कारखान्यात भट्टीतून निघणाऱ्या कडक गोळ्यांनाही हेच नाव आहे. आपल्याकडच्या सिमेंट कामगारांच्या तोंडी हा शब्द रोज असतो.

क्लँकचा सर्वांत नेमका उपयोग मला डिकन्स यांच्याकडे दिसतो. ‘अ ख्रिसमस कॅरल’ या १८४३ सालच्या कथेत मार्लीचे भूत येते, तेव्हा आधी घरातल्या सगळ्या घंटा आपोआप वाजू लागतात. त्या थांबतात आणि खाली तळघरातून जड साखळी ओढत आणल्याचा आवाज येतो. घंटांसाठी डिकन्स एक शब्द वापरतात आणि साखळीसाठी दुसरा, आणि तो दुसरा क्लँक आहे. साखळीला क्लँग जमणारच नाही. तिची प्रत्येक कडी पुढच्या कडीला वाजवते आणि त्याच क्षणी तिला अडवतेही. पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलुपे, हिशेबाच्या वह्या पोलादात घडवून ओवलेली ती साखळी म्हणजे आयुष्यभर अडवून ठेवलेला धातू, आणि तिचा आवाजही अडवलेलाच. डिकन्स आणि पो १८४२ मध्ये फिलाडेल्फियात भेटले होते. पो यांच्या घंटांच्या कवितेत क्लँक एकदाही येत नाही. घंटा टांगलेली असते, टेकलेली नसते, म्हणून तिथे क्लँगच हवा, हे त्यांच्या कानाने बरोबर ओळखले.

मराठी कान या आवाजांकडे वेगळ्या वाटेने जातो. किणकिण, खणखण, ठणठण, घणघण, झणझण यांत ण जागचा हलत नाही, बदलतात ती सुरुवातीची व्यंजने. बांगड्यांना क, नाण्यांना ख, ठोकून पाहिलेल्या रिकाम्या हंड्याला ठ, देवळातल्या घंटेला घ. आपण आघाताचे वजन मोजतो. कशावर मारले, किती जोर होता, हे आपल्या शब्दाच्या पहिल्याच अक्षरात कळते. नाद टिकला हे सांगायचे तर आपण शब्द दुप्पट करतो, नाहीतर खणखणाट, घणघणाट असा लांबवतो. ‘खण्’ आणि ‘खट्’ अशी टोक बदलणारी जोडी आपल्याकडेही आहे, पण ‘खट्’ला धातूच लागतो असे नाही, लाकडी दाराची कडी नसली तरी दार खट् वाजते. नाद उमटला आणि मग कापला गेला, हे दोन्ही एका अक्षरसमूहात धरणारा क्लँक आपल्याला मिळालेला नाही. म्हणून मराठी वाचकाने ही कविता वाचताना कान मुद्दाम शब्दाच्या टोकाकडे लावावा. सुरुवातीकडे तो सवयीने जातोच.

आता पहिले कडवे. बर्फावर घोड्याच्या टापा वाजत नाहीत. स्लेज भरधाव आली तरी वाटेवरच्या माणसाला कळत नाही, म्हणून घोड्याच्या साजाला घुंगूर बांधत. कनेक्टिकटमधल्या ईस्ट हॅम्प्टन या गावात विल्यम बार्टन यांनी १८०८ मध्ये असे घुंगूर बनवायला सुरुवात केली आणि पुढे ते गाव घंटांचे गाव म्हणूनच प्रसिद्ध झाले. घुंगूर हा आपल्या चाळातल्यासारखाच, गोल, चिरलेला, आत सुटी गोळी असलेला. त्याला एकच ठोका देता येत नाही. तो हलला की अनेकदा वाजतो. त्यासाठी इंग्रजीकडे एक प्रत्यय आहे, शब्दाच्या शेवटी येणारा ‘ल’. टिंक म्हणजे एक बारीक ठोका आणि टिंकल म्हणजे अशा ठोक्यांची माळ. रॅटल, क्रॅकल, जिंगल हे सगळे याच वळणाचे. पो टिंकलचे यमक तारे लुकलुकण्याच्या आणि शिंपडण्याच्या क्रियापदांशी जुळवतात, तेव्हा ते केवळ यमक राहत नाही. तिन्ही शब्दांत तीच ‘इंकल’ आहे. तारा जे प्रकाशाचे करतो तेच घुंगूर आवाजाचे करतो, विझतो आणि पुन्हा पेटतो. थंडीने कडक झालेल्या हवेत आवाज आणि उजेड यांच्यातली भिंत या तीन शब्दांनी पाडली आहे.

टिंकल आणि जिंगल यांत फरक आहे, आणि पो तो पाळतात. टिंकल एकट्या घुंगराचा असू शकतो, पेल्यातल्या बर्फाचा असू शकतो, पातळ काचेचा असू शकतो. त्याच्या पोटात क् आहे, त्यामुळे प्रत्येक ठिपका सुटा पडतो. जिंगलला समुदाय लागतो, किल्ल्यांचा जुडगा, खिशातली मोड, घोड्याचा सगळा साज. त्याच्या पोटातला ग् मऊ असल्याने ठिपके एकमेकांत मिसळतात. म्हणून कडव्यात आधी टिंकल येतो, एकेक घुंगूर ऐकू येतो, आणि जिंगल येतो तो अगदी शेवटच्या ओळीत, सगळा साज एकदम हलतो तेव्हा. मधे त्यांनी ‘टिंटिनॅब्युलेशन’ हा लांबलचक शब्द सोडला आहे. लॅटिनमध्ये टिंटिनाबुलम म्हणजे छोटी घंटा. आखूड, रोजच्या शब्दांमध्ये अचानक आलेला हा शब्द म्हणताना जीभ दातांमागे भराभर आपटत जाते आणि तोंडातून घुंगरांची सरच ओघळते. आज तो शब्द इंग्रजी वाचकाला ठाऊक आहे तो मुख्यतः या कवितेमुळे.

एमर्सन यांनी पो यांना ‘जिंगलवाला माणूस’ म्हटल्याचे विल्यम डीन हाउएल्स यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. म्हणायचे होते ते असे की यांच्याकडे नुसता खुळखुळ आहे, अर्थ नाही. रेडिओवरच्या जाहिरातींमुळे जिंगल हा शब्द आपल्याकडेही आला आणि त्यातही हलकेपणाची ती छटा आहेच. पण एमर्सन यांचा शेरा मला अन्यायाचा वाटतो. ज्याला जिंगल नेमका कुठे शोभतो आणि कुठून पुढे शोभत नाही हे ठाऊक आहे, त्याला जिंगलवाला म्हणता येणार नाही. पो यांनी तो शब्द पहिल्या कडव्यापुरता वापरला आणि तिथेच ठेवला. तिसऱ्या कडव्यात त्याचा भाऊ येतो, जँगल. बदलतो तो एकच स्वर, ‘इ’च्या जागी ‘ॲ’. त्या एका स्वराने बर्फावरची सहल जळत्या शहरात पोचते. पण त्याच्याआधी लग्न आहे.

दुसरे कडवे मला चारांमध्ये फिके वाटते. सोन्याचा रस, पाघळलेले सूर, पारव्याची चंद्राकडे लागलेली नजर, हे सगळे जरा जास्तच गोड आहे आणि ‘ल’ इतके वाहतात की आवाजाला धार राहत नाही. तरी एक गोष्ट इथे घडते आणि ती पुढे उपयोगी पडते. पहिल्या कडव्याच्या आवाजाला पो यांनी मेलडी म्हटले होते, इथे ते हार्मनी म्हणतात. घुंगूर वाजत जातात ते एकामागून एक, लग्नाच्या घंटा वाजतात त्या एकमेकींसह. या एकत्र वाजण्यासाठी असलेला शब्द, चाइम, कडव्याच्या शेवटच्या जोडीत येतो. तो लॅटिनमधल्या सिंबलम म्हणजे झांज या शब्दापासून आला आहे आणि त्याच्या पोटात जुळणे, होकार देणे हा अर्थ आहे. खरी घंटा मात्र इतकी निर्मळ नसते. तिच्या एका ठोक्यात अनेक स्वर दडलेले असतात आणि त्यांत, आपल्या भाषेत सांगायचे तर, कोमल गंधार असतो. इंग्लंडमध्ये लफबरो इथल्या टेलर यांच्या ओतशाळेने १८९६ पासून घंटेतले पाच प्रमुख स्वर एकमेकांशी नीट जुळवायला सुरुवात केली, तेव्हाही तो कोमल गंधार तसाच ठेवला, कारण तो घंटेच्या आकारातूनच येतो. लग्नातही वाजणाऱ्या घंटेत ही किंचित उदासी असतेच. पो यांनी सोन्याच्या घंटेत तिला येऊ दिले नाही, आणि त्यामुळेच हे कडवे मला अपुरे वाटते.

तिसरे कडवे या कवितेचा कळस आहे. इथल्या घंटा पितळी आहेत, आणि पितळीसाठी त्यांनी जो शब्द घेतला आहे त्याचा दुसरा अर्थ निर्लज्ज असा होतो. आगीच्या घंटेला भीड नसते. तिला इथे ‘अलारम’ असे जुने रूप आहे. ‘शस्त्रे घ्या’ या इटालियन आरोळीतून निघालेला हा शब्द. पो १८४४ पासून न्यूयॉर्कमध्ये होते आणि १९ जुलै १८४५ रोजी त्या शहराचा दक्षिण भाग मोठ्या आगीत जळाला. आग लागली की घंटेच्या ठोक्यांच्या संख्येवरून ती कोणत्या भागात आहे हे लोक ओळखत. आवाज ऐकून धोका चढतो आहे की उतरतो आहे हे कानाला कळते असे पो या कडव्यात म्हणतात, ते त्या शहरात राहणाऱ्याच्या अनुभवातले आहे. आग कुठे आहे हे अंधारात घरात बसलेल्या माणसाला दिसत नसे, ते फक्त ऐकू येई.

सुरुवातीला इथे धातूचा शब्दच नाही. घंटा किंचाळतात. भीतीने त्यांना बोलता येत नाही, सूर सुटलेला असतो, त्या आगीची विनवणी करतात आणि आग बहिरी असते. मग येतात एकामागोमाग तीन शब्द, क्लँग, क्लॅश आणि रोर. त्यांचा क्रम पाहावा. क्लँगच्या शेवटी ङ आहे, म्हणजे नाद अजून टिकून आहे, घंटा अजून घंटा आहे. क्लॅशच्या शेवटी श् आहे, जो इंग्रजीत आदळून फुटण्याच्या शब्दांना लागतो, क्रॅश, स्मॅश, स्प्लॅश यांना. नाद फुटला, विखुरला. शिवाय क्लॅशला दोघे लागतात. त्यात मारणारा आणि मार खाणारा असा भेद उरत नाही, दोन्ही धातू एकमेकांवर तुटून पडतात. तिसऱ्या शब्दात तर धातू संपलाच, ती गर्जना आहे, आणि ती घंटेची की आगीची हे सांगता येत नाही. तीन एकाक्षरी शब्दांत घंटेचा आवाज तिच्या हातून निसटतो. हे केवळ ध्वनींचे अनुकरण करून साधत नाही, त्यासाठी शब्दांच्या टोकांचा विचार केलेला असावा लागतो.

पुढे त्यांनी ट्वँग वापरला आहे आणि तो मला सर्वांत धाडसी वाटतो. ट्वँग हा ताणलेल्या तारेचा, धनुष्याच्या दोरीचा आवाज. घंटेला तो लागत नाही. पण इथे ताणलेले आहे ते ऐकणाऱ्याचे काळीज, आणि घंटेचा प्रत्येक ठोका त्या तारेवर पडतो. ट्वँगला क्लँगचे यमक, मग जँगलला रँगलचे, आणि रँगल म्हणजे भांडण. जँगल हा चाइमच्या नेमका उलटा आहे. दोन्हीकडे घंटा अनेक, पण चाइममध्ये त्या एकमेकींना मान देतात आणि जँगलमध्ये एकमेकींवर ओरडतात. लग्नाच्या हार्मनीची जी जुळवाजुळव दुसऱ्या कडव्याने केली, तिचीच इथे मोडतोड होते. ते गोड कडवे मुळात का हवे होते हे इथे कळते.

या कडव्याची शेवटची जोडी आहे क्लॅमर आणि क्लँगर. क्लँगर हा लॅटिनमधून जसाच्या तसा घेतलेला शब्द. रोमन लोक तो रणशिंगासाठी वापरत, तसाच पक्ष्यांच्या कर्कश ओरडण्यासाठीही. पहिल्या दोन कडव्यांच्या शेवटच्या जोड्या ‘इंग’ने संपत होत्या, म्हणजे उच्चारात ङने, रेंगाळणाऱ्या नादाने. ही एकच जोडी तशी संपत नाही. गोंधळात नादाला रेंगाळायला जागाच मिळत नाही.

आणि मग चौथ्यात सगळे सावकाश होते. टोल या शब्दाचा मूळ अर्थ ओढणे, आणि तो दोरीपर्यंत नेतो. मृत्यूची घंटा एकेक ठोका देत, मधे लांब अंतर ठेवून वाजवतात. त्या अंतरासाठी इंग्रजीने ‘ओ’ हा लांब स्वर ठेवला. घड्याळाचे टोले पडतात असे आपण म्हणतो, तिथेही कान याच जागी टेकतो, जरी या दोन शब्दांचे नाते केवळ ध्वनिसाम्याचे आहे. इंग्लंडमधल्या काही गावांत ठोक्यांच्या संख्येवरून गेलेला माणूस पुरुष की स्त्री हे कळत असे, पुरुषासाठी तिनाचे तीन गट. डोरोथी सेयर्स यांच्या १९३४ च्या ‘द नाइन टेलर्स’ या कादंबरीचे नाव त्या नऊ ठोक्यांवरून आले आहे. अंत्यविधीच्या वेळी लोळ्याच्या एका बाजूला चामडे बांधण्याची रीतही आहे, म्हणजे एक ठोका स्वच्छ आणि पुढचा दबलेला, त्याच्याच प्रतिध्वनीसारखा. पो यांनी इथे घंटेच्या सुराला दबलेला म्हटले आहे ते या ओळखीच्या आवाजाला धरून. घंटांच्या गळ्यात गंज चढला आहे, त्यामुळे प्रत्येक आवाज कण्हण्यासारखा निघतो. आणि या कडव्याच्या आवाजाला ते मोनोडी म्हणतात, एकट्याने गायलेले शोकगीत. मेलडी, हार्मनी, मग कोलाहल, आणि शेवटी मोनोडी. घंटा अनेक असूनही शेवटी आवाज एकटा पडतो.

‘बेल’ला यमक म्हणून ‘नेल’ येतो, मृत्यूघंटेचा ठोका. एवढे जवळचे यमक समोर असताना पो यांनी तीन कडवी ते हाताशी ठेवून दिले आणि इथे सोडले. त्याच्याआधी ‘ओ’ची रांग लागते, टोलिंग, रोलिंग, छातीवर लोटलेला दगड, मनोऱ्यात राहणारे एकटे लोक. ते लोक माणसे नाहीत, पिशाच्चे आहेत, आणि त्यांचा राजा दोरी ओढतो. इथे या कवितेतला सर्वांत भयंकर प्रकार घडतो, आणि तो हळू वाचले तरच दिसतो. राजा आनंदात आहे. पहिल्या कडव्यात स्लेजच्या घुंगरांना जो आनंदाचा शब्द लावला होता तोच राजाच्या छातीला लावला आहे, आणि ताल धरण्याचे जे वर्णन तिथे होते तेच शब्द इथे परत येतात. मुलांच्या सहलीचा ताल आणि मृत्यूचा ताल एकच आहे, वाजवणारा तेवढा बदलला. सगळ्यात शेवटी जी जोडी येते ती मोनिंग आणि ग्रोनिंग. हे दोन्ही शब्द धातूचे नाहीत, माणसाच्या गळ्याचे आहेत. जिंगलपासून निघालेली कविता धातूच्या शब्दांमधून जात जात अशा ठिकाणी पोचते जिथे धातूचा एकही शब्द उरत नाही, आणि तरी टोकाचा ङ तसाच टिकून आहे.

रशियन संगीतकार सर्गेई राखमानिनोव यांनी १९१३ मध्ये या कवितेवर चार भागांची समूहगान-सिंफनी रचली. बाल्मोन्त यांनी केलेला कवितेचा रशियन अनुवाद त्यांच्याकडे एका निनावी पत्रातून आला होता. रशियनमध्ये क्लँग आणि क्लँकचा हा खेळ त्याच रीतीने येणे शक्य नव्हते, तेव्हा शब्दांचे काम वाद्यांकडे गेले. पहिल्या भागात सेलेस्टा आणि ग्लॉकनश्पील टिंकलचा थंड चुरा उधळतात. तिसऱ्या भागात एकही एकल गायक नाही, फक्त समूह, कारण आगीत एकट्याचा आवाज ऐकूच येत नाही. हा निर्णय पो यांना नक्की आवडला असता. रशियन घंटा युरोपातल्या इतर चर्चच्या घंटांसारख्या झुलत नाहीत. त्या स्थिर टांगलेल्या असतात आणि आतला लोळा ओढून वाजवल्या जातात. हे आपल्या देवळातल्यासारखेच झाले. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला आल्या, आणि मूळच्या युरोपीय घंटांना महाराष्ट्रात अशीच स्थिर जागा मिळाली. राखमानिनोव यांच्या संगीतात घंटेचा तो स्थिर, जड, एका जागी उभा राहून दिलेला ठोका ऐकू येतो. चौथ्या भागात इंग्लिश हॉर्नचे शोकगीत आणि बॅरिटोनचा आवाज हळूहळू खाली जातात, शब्द संपतात, आणि मग वाद्यवृंद एकटाच उजळ, शांत अशा मेजर स्वरसंगतीत येऊन थांबतो. ते सांत्वन ऐकायला सुंदर आहे आणि मी ते पुन्हा पुन्हा ऐकतो. पण ते राखमानिनोव यांचे आहे. पो यांच्या शेवटच्या जोडीत त्याला एका अक्षराचीही जागा नाही, आणि कविता मला तशीच हवी आहे.